महागातलं ऑइल, खरखरणारा गिअर

डिसेंबरातली सकाळ. डहाणूकर कॉलनीतून गाडी काढायची, कर्वे पुतळ्याच्या दिशेनं निघायचं आणि पहिल्यावरून दुसरा टाकला की दर वेळी 'खर्रर्र'. माझ्या एका मित्राचं हे दोन महिने चाललं होतं. गाडी सेकंडहँड टर्बो हॅचबॅक, गिअर मॅन्युअल, अर्धे पैसे वडिलांकडून उसने. गाडी गरम झाली की आवाज कमी. क्लच बदलून झाला, तरी तेच. शेवटी कोथरूडमधल्याच एका मेकॅनिककाकांनी विचारलं, "ऑइल कुठलं टाकलंयस रे?" हा ऐटीत म्हणाला, "काका, दुकानातलं सगळ्यात महागातलं." डब्यावर जीएल-५ लिहिलेलं. गाडीला हवं होतं जीएल-४.

तुम्ही म्हणाल, पाच म्हणजे चारपेक्षा भारीच की! नाही. इथेच बहुतेकांची गल्लत होते. हे आकडे शाळेतल्या इयत्तांसारखे नाहीत, ते काम वेगळं असल्याचं सांगतात. जीएल-५ हे मुख्यतः हायपॉइड गिअरसाठी, म्हणजे मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या डिफरन्शियलसाठी. तिथे दात प्रचंड दाबाखाली एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून त्यात गंधक आणि फॉस्फरसची रसायनं जास्त घालतात. तुमच्या हॅचबॅकमध्ये इंजिन आडवं बसवलेलं असतं. डिफरन्शियल गिअरबॉक्सच्या आतच असतं, पण त्याचे दात सहसा हायपॉइड नसतात. मग ते जादा औषध कशाला?

बरं, नुसतं वाया गेलं असतं तर चाललं असतं. पण गिअरबॉक्समध्ये सिंक्रो रिंग असतात, बऱ्याच गाड्यांत पितळेच्या. तुम्ही गिअर टाकता तेव्हा ही कडी समोरच्या गिअरला घासून त्याचा वेग जुळवून घेते, मग दात अडकतात. म्हणजे तिला घर्षण लागतं. ऑइल गरजेपेक्षा जास्त निसरडं असेल तर कडीची पकड सुटते, वेग जुळत नाही आणि दातावर दात आपटतो. शिवाय काही जीएल-५ ऑइलमधलं गंधक उष्णतेत तांब्याच्या मिश्रधातूंना खातं. आता सगळीच जीएल-५ अशी नसतात, आणि काही गाड्यांना तेच लागतं. सुबारूच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला कंपनीच जीएल-५ सांगते, कारण तिथे हायपॉइड डिफरन्शियल त्याच ऑइलमध्ये बुडालेलं असतं. म्हणून 'फोर चांगलं, फाइव्ह वाईट' असंही पाठ करू नका.

दुसरा घोळ जाडीचा. ७५डब्ल्यू-९० वाचून वाटतं, बापरे, इंजिनच्या ५डब्ल्यू-३० पेक्षा तिप्पट जाड! पण दोन्हींची मोजपट्टीच वेगळी. शंभर अंशाला गिअर ऑइलचं ९० म्हणजे साडेतेरा ते साडेअठरा सेंटिस्टोक, आणि इंजिन ऑइलचं ४० म्हणजे साडेबारा ते १६.३. जवळजवळ शेजारीच. गाडी रीमॅप करून टॉर्क वाढवणारे जाड ऑइलकडे वळतात, दातांवर थर टिकावा म्हणून. ठीक आहे, पण मग पुण्याच्या थंडीत सकाळचे पहिले दोन किलोमीटर लिव्हर हट्टी होणार, हे धरून चाला. ताम्हिणीत मजा करायची की रोज पौड फाट्याच्या सिग्नलला पन्नास वेळा गिअर बदलायचे, हे आधी स्वतःला विचारा.

हे आजच का सांगतेय? २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि चर्चा सगळी नव्या गाड्यांची झाली. आपल्या बजेटमध्ये बसते ती वॉरंटी संपलेली. आणि मॅन्युअलवाल्या मजेदार हॅचबॅक पुण्याच्याच आसपास बनायच्या: १४५ पीएसची अबार्थ पुंटो २०१५ मध्ये रांजणगावातून आली, पोलो २०२२ पर्यंत चाकणमधून. दोन्ही बंद. म्हणजे आता त्या गाड्यांचा गिअरबॉक्स टिकवणं ही कंपनीपेक्षा विशीतल्या मालकाची जबाबदारी झालीये.

आणि त्याला माहिती मिळते कुठे? कुठल्या गाडीच्या पुस्तकात ऑइलचा ग्रेड स्पष्ट असतो, कुठे 'अधिकृत सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा' एवढंच, तर कुठे 'आयुष्यभर बदलायची गरज नाही'. कोणाचं आयुष्य? पहिल्या मालकाचं बहुतेक. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही सुरू केलं, आणि त्यात वाहन क्षेत्र आहे. माझ्या मते त्याची साधी परीक्षा हीच: बंद झालेल्या गाडीच्या गिअरबॉक्सचा ग्रेड, प्रमाण आणि कंपनीचा स्पेसिफिकेशन नंबर मालकाला फोन न फिरवता सापडतो का? आपल्या वेताळ टेकडीवर एआरएआय १९६६ पासून गाड्यांवर संशोधन करतेय आणि टेकडीखाली आपण डब्याच्या किमतीवरून ऑइल निवडतोय, हे जरा विचित्रच आहे.

तोवर तुमच्या हातात काय? डब्याच्या पुढच्या बाजूला भुलू नका, मागे बारीक अक्षरात स्पेसिफिकेशन नंबर असतो, तो गाडीच्या नंबराशी जुळवा. सेकंडहँड गाडी घेतलीत तर ऑइल एकदा बदलाच, आधीच्या मालकाच्या शब्दावर जाऊ नका. काकांना सांगा, आधी भरायचा बोल्ट सैल करा, मगच खालचा उघडा. वरचा अडकून बसला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन काय करणार? आणि काढलेलं ऑइल उजेडात बघा. चुंबकावर करडा लगदा बसलेला असेल तर साधारण चालतं. सोनेरी चमचम दिसली, तर तो सिंक्रोचा चुरा.

मित्राच्या ऑइलमध्ये चमचम होती. जीएल-४ टाकल्यावर आवाज कमी झाला, गेला नाही. सकाळी दुसरा टाकताना तो आता न्यूट्रलला क्षणभर थांबतो, आणि सिंक्रो किटचे भाव काढतोय.