वापर निरंक, म्हणून यंत्र नको

सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या एका वाचक-फिजिशियनचे ऑस्मोमीटरसाठीचे मागणीपत्र परत आले. शेरा असा: ‘मागील ३ वर्षांतील सदर तपासण्यांची संख्या नमूद करून प्रस्ताव फेरसादर करावा.’ यंत्रच नाही तर संख्या कुठून आणायची? त्यांनी प्रामाणिकपणे ‘निरंक’ लिहिले. त्यावर दुसरा शेरा आला: ‘वापर निरंक असल्याने आवश्यकता दिसून येत नाही. उपलब्ध स्ट्रिपवर स्पेसिफिक ग्रॅव्हिटी पाहावी.’ फाइल बंद.

हा सल्ला देणाऱ्याने स्ट्रिप काय वाचते हे कुणाला तरी विचारायला हवे होते. तिला फक्त आयन कळतात. युरिया आणि ग्लुकोज तिच्या लेखी नसतातच. मेड्युलाच्या टोकाशी १२०० मिलिऑस्मोलपर्यंतची चढण मात्र मीठ आणि युरिया या दोघांच्या जिवावर उभी असते. लघवी अल्कधर्मी असेल तर स्ट्रिप आणखी कमी दाखवते. असल्या आकड्यावर ११२ सोडियमच्या रुग्णाचे काय ठरवायचे?

न्यूमोनियात एडीएच चढलेले आहे आणि लघवीची ऑस्मोलॅलिटी ६१६ वर अडकली आहे असे धरा. एक लिटर नॉर्मल सलाइनमधले ३०८ मिलिऑस्मोल किडनी अर्ध्या लिटर लघवीत बाहेर टाकते. उरलेले अर्धा लिटर निव्वळ पाणी अंगात राहते आणि सोडियम आणखी घसरते. उलट जुलाबाने सुकलेल्या रुग्णात तेच सलाइन एडीएच बंद पाडते, पातळ लघवीचा लोंढा सुटतो आणि सोडियम २४ तासांत ८ ची मर्यादा कधी ओलांडते ते नाइट ड्युटीवरच्या पोराला कळतही नाही. बाटली एकच, परिणाम उलटे. टेल्मिसार्टनच्या जोडीने थायाझाइड घेणाऱ्या आज्या तर प्रत्येक वॉर्डात आहेत: मेड्युलाची चढण शाबूत, लघवी पातळ करण्याची सोय बंद.

कार्यालयाला नावे ठेवून झाली. आता आपली मंडळी. आयएसई अ‍ॅनालायझर तालुक्याच्या लॅबमध्येही दिसतो. ज्या मॉडेलमध्ये युरिन मोड आहे, त्यावर कंपनीच्या डायल्युएंटने नमुना पातळ करून सोडियम-पोटॅशियम निघते. तरीही विचारले की उत्तर ठरलेले: ‘आमच्याकडे होत नाही.’ होत नाही की कधी केले नाही? लघवीतल्या सोडियम-पोटॅशियमची बेरीज रक्तातल्या सोडियमपेक्षा जास्त निघाली, तर एसआयएडीएचमध्ये नुसते पाणी तोडून भागणार नाही, हे ऑस्मोमीटरशिवायही कळते. आणि फिजिशियन मित्रहो, दोन बाटल्या सलाइन आणि एक लॅसिक्स गेल्यावर पाठवलेल्या नमुन्यावर लॅबने काय सांगावे? त्यात आपणच दिलेले मीठ मोजले जाते.

तेव्हा सोडियम १२५ च्या खाली दिसले की, झटके आलेला किंवा बेशुद्ध रुग्ण सोडून, आधी लघवीचा नमुना, मग बाटली. झटके असतील तर ३ टक्के सलाइन लगेच. नमुना कॅथेटरमधून मिळेल तेव्हा घ्या, पण घ्या. मागणीपत्रावर ‘ऑस्मोलॅलिटी’ लिहाच. यंत्र नसेल तर लॅबने कोरा रकाना न सोडता ‘यंत्राअभावी झाली नाही’ असे नोंदवावे आणि त्या नोंदींची महिनेवार बेरीज ठेवावी. पुढच्या प्रस्तावात ‘निरंक’च्या जागी तोच आकडा जाऊ दे. ज्यांचे प्रस्ताव असेच परत आले आहेत त्यांनी शेऱ्यांच्या प्रती, रुग्णांची नावे खोडून, येत्या १५ तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवाव्यात.