रिकामा नकाशा परवडला, चुकीचा नको!

पोस्ट लांब आहे, पण विषय आपल्याच गावाचा आहे. शेवटपर्यंत वाचा.

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला नकाशा. २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. विकिपीडियासारखंच आहे, कुणीही खातं उघडून आपल्या गावची पाणंद, विहीर, शाळा त्यात टाकू शकतो. सह्याद्रीत ट्रेकला जाताना रेंज नसतानाही चालणारी जी ॲप्स तुम्ही वापरता, त्यातल्या बऱ्याच ॲप्सचा पाया हाच नकाशा आहे. आमच्या तालुक्यात मी आणि दोन-चार मित्र फावल्या वेळात हेच काम करतो. गाडीला पेट्रोल स्वतःचं, रविवारही स्वतःचा.

गेल्या काही महिन्यांत बाहेरच्या एका खात्यावरून आमच्या भागात गावं आणि रस्ते घाऊक ओतले गेले. यादी कुठून आणली, ती वापरायचा परवाना आहे का, कुणी तपासली का, कशाचीच नोंद नाही. विचारलं तर उत्तर काय? "काहीच नसण्यापेक्षा काहीतरी असलेलं बरं. चुका असतील तर तुम्ही लोकल लोक दुरुस्त करा ना!"

वा! घाण करणार एक आणि झाडू मारणार आम्ही?

"काहीतरी असलेलं बरं" हेच मला मुळात मान्य नाही. नकाशावर जागा रिकामी असली की माणूस सावध राहतो, टपरीवर थांबून विचारतो. नवीन कार्यकर्त्यालाही दिसतं की इथे काम बाकी आहे. पण तिथे चुकीची रेघ असली की दोघंही फसतात. वाटसरू बिनधास्त ओढ्यात गाडी घालतो आणि कार्यकर्ता "इथलं झालेलं दिसतंय" म्हणून पुढे जातो. म्हणजे चूक नुसती राहत नाही, दुरुस्तीची वाटही अडवून बसते.

आणि या चुका कसल्या असतात बघा. इंग्रजी यादीवरून मशीननं देवनागरी केलं की पेणचं "पेन" होतं, तळेगावचं "तलेगाव". बुद्रुक आणि खुर्द गळून पडतं, मग ओढ्याच्या अल्याड-पल्याडची दोन गावं एकाच नावाची होतात. रात्री ॲम्ब्युलन्सवाला यातल्या कुठल्या गावात शिरणार? यादी जुनी असेल तर धाराशिव अजून उस्मानाबादच असतं. त्याहून वाईट म्हणजे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर कितीतरी गावं नव्या जागी वसली, उजनी आणि कोयनेच्या पाण्याखाली गेलेली गावं दुसरीकडे उठून गेली. जुनी यादी त्यांना पुन्हा ढिगाऱ्यावर नाहीतर धरणाच्या पाण्यात नेऊन बसवते. हे गावातल्या शाळकरी पोरालाही कळतं, पण यादी ओतणाऱ्याला कळत नाही, कारण तो इथे आलेलाच नसतो.

"होईल हळूहळू दुरुस्त" म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडे बघावं. तिथल्या जनगणना खात्याची टायगर नावाची रस्त्यांची माहिती २००७-०८ मध्ये अख्ख्या देशासाठी या नकाशात ओतली गेली. ती मुळात घरं मोजायच्या कामासाठी बनवलेली होती. रस्ता नेमका कुठून वळतो याच्याशी त्या कामाला फारसं देणंघेणं नव्हतं. परिणाम? रस्ते जागेवरून सरकलेले, जंगलातल्या लाकूड वाहायच्या वाटांना थेट वस्तीतल्या रस्त्याचा दर्जा. प्रत्येक रस्त्यावर "तपासलेला नाही" अशी खूण होती. आज इतक्या वर्षांनीही ती खूण असलेले रस्ते तिथे ढिगानं आहेत. अमेरिकेसारख्या देशात ही गत, मग आमच्या चार टाळक्यांनी तालुका कधी धुऊन काढायचा?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. तपासण्याची जबाबदारी माहिती टाकणाऱ्याची. आधी तपासा, मग टाका. विचारणा केल्यावर धड उत्तर मिळत नसेल तर टाकलेलं सगळं मागे घ्या, आणि लगेच घ्या. उशीर झाला की काय होतं? त्याच चुकीच्या रेघेवर कुणीतरी भाबडेपणानं पूल जोडतो, नाव घालतो, वळण सुधारतो. नंतर ती रेघ काढायला गेलं की त्या बिचाऱ्याची मेहनतही जाते. पहिल्या आठवड्यात जे काम तासाभराचं असतं, ते वर्षभरानं महिनोन्महिने पुरतं.

"मग तुमचा घाऊक माहितीलाच विरोध आहे का?" अजिबात नाही. न्यूयॉर्क शहराच्या महापालिकेनं खुल्या केलेल्या माहितीवरून २०१३-१४ मध्ये सुमारे १० लाख इमारती याच नकाशात चढवल्या गेल्या. पण कशा? आधी चर्चा, मग शहराचे छोटे तुकडे, आणि प्रत्येक तुकडा माणसाच्या नजरेखालून. त्याला काम म्हणतात. एका रात्रीत लाख बदल करून आपलं नाव वरच्या नंबरात झळकवणं, याला काम म्हणत नाहीत.

नियम नाहीत असंही नाही. स्थानिकांशी आधी बोला, परवाना तपासा, योजना लिहून ठेवा, घाऊक कामाला वेगळं खातं वापरा, हे सगळं लिहिलेलं आहे. ऐकत नाही त्याला रोखायला डेटा वर्किंग ग्रुप नावाची मंडळीही आहेत. कमी आहे ती फक्त आपल्या बोलण्याची. "जाऊ दे, चांगल्या हेतूनं केलं असेल" म्हणून आपण गप्प बसतो. हेतू चांगला असेल हो, पण हेतूवर गाडी चालत नाही, रस्त्यावर चालते.

तेव्हा एक करा. आजच आपल्या गावाचा नकाशा उघडा. नाव बरोबर आहे का, बुद्रुक की खुर्द, वाडीचा रस्ता खरंच तिथून जातो का, बघा. चुकलं असेल तर कमेंटमध्ये गाव आणि तालुका लिहा. कुणी आणि कधी टाकलंय ते आम्ही शोधतो आणि एकत्र तक्रार करतो.

आपल्या गावाचा पत्ता बाहेरच्यानं ठरवायचा नाही. पटलं तर पुढे पाठवा, नाही पटलं तर खाली भांडा. मी आहे इथेच.