गोकर्णास गोकर्णच म्हणावे

आपल्या मालवण किनाऱ्यावर चिऱ्याच्या गडग्यावर गोकर्णाचा वेल चढलेला नाही, असे घर विरळाच. निळ्या-पांढऱ्या फुलांनी तो कुंपणास शोभा आणतो आणि सकाळी तीच फुले देवपूजेस जातात. अलीकडे या फुलांचा निळा चहाही होऊ लागला आहे; लिंबू पिळताच तो जांभळा होतो. या बहुगुणी वेलाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तो शंखपुष्पी या नावाने दिला जातो त्याविषयी.

काही वर्षांपूर्वी दहावीतील एका मुलास त्याचे आजोबा माझ्याकडे घेऊन आले. मुलास ऐन परीक्षेच्या तोंडावर तीन दिवस जुलाब होत होते. "डॉक्टरानू, शंखपुष्पी आमच्या गडग्यावयलीच आसा, भायरची नाय," आजोबा सांगत होते. स्मरणशक्तीसाठी त्यांनी गोकर्णाचे मूळ सुकवून त्याचे चूर्ण दिले होते. गोकर्णाचे मूळ आणि बीज रेचक आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. चूर्ण थांबविल्यावर मुलगा बरा झाला. दोष आजोबांचा नव्हता. या वेलास शंखपुष्पी म्हणतात, हे त्यांना एका औषधविक्रेत्यानेच सांगितले होते.

घोटाळ्याचे मूळ नावांत आहे. चरकाचार्यांनी मेध्य रसायनांत विशेष गौरविलेली शंखपुष्पी म्हणून आयुर्वेदिक फार्माकोपियाने कॉन्व्होल्व्हुलस प्लुरिकॉलिस ही जमिनीसरपट वाढणारी वनस्पती स्वीकारली आहे. गोकर्ण म्हणजे अपराजिता, क्लायटोरिया टर्नेशिया. ती शिंबी कुलातील वेल. भावप्रकाशात विष्णुक्रांता हा अपराजितेचा पर्याय येतो, तर व्यवहारात तेच नाव इव्हॉल्व्हुलस अल्सिनॉइडिस या तिसऱ्याच वनस्पतीस दिले जाते आणि तीही शंखपुष्पी म्हणून विकली जाते.

केरळातील वैद्य परंपरेने गोकर्णच शंखपुष्पी म्हणून वापरतात, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. भावप्रकाशानेही अपराजितेस मेध्य म्हटले आहे. परंतु दोन द्रव्यांचे एक कर्म समान असले म्हणून ती द्रव्ये एक होत नाहीत. मात्रा, प्रयोज्य अंग आणि रुग्णाचा कोष्ठ यांचा विचार वेगळा करावा लागतो. प्रतिनिधी द्रव्य देणे शास्त्रसंमत आहे. मात्र ते न सांगता दिले की तीच भेसळ ठरते.

म्हणून औषधालयचालकांना विनंती, की कच्चा माल घेताना आणि पुडीवर नाव छापताना वनस्पतीचे शास्त्रीय नाव व प्रयोज्य अंग अवश्य लिहावे. कुटून आलेल्या चूर्णापेक्षा अखंड पंचांग मागवावे, म्हणजे ओळख पटविता येते. वैद्यबंधूंनीही चिठ्ठीवर केवळ 'शंखपुष्पी' लिहून थांबू नये. गोकर्ण द्यावयाचा असल्यास तसे स्पष्ट लिहावे.

गडग्यावरचा गोकर्ण स्वतःच्या गुणांवर उभा राहण्यास समर्थ आहे. त्यास दुसऱ्याचे नाव उसने देण्याचे कारण नाही.