पासोड्या विठोबाच्या दारात पांघरूण नाही

पहाटे पाचला बुधवारात पासोड्या विठोबावरून एकदा चालत जा. मी काल गेलो होतो. बंद शटरपुढे माणसं गुडघे पोटाशी घेऊन झोपलेली. हमाल, कचरा वेचणारे, वय झालं म्हणून खोलीबाहेर पडलेल्या बायका. पूर्वी इथं पासोड्या विकायला बसायचे, म्हणून देवाचं हे नाव. पांघरुणावरून नाव पडलेल्या देवाच्या दारात आज माणूस पोतं ओढून झोपतो.

"आम्ही ब्लँकेट वाटतो की!" वाटता, मान्य. फोटोही टाकता. पण थंडी फक्त वरून येत नाही. फरशी खालून अंगाची ऊब ओढून घेते. खाली पुठ्ठा, चटई, गोणपाट काहीतरी हवंच. पुढच्या वेळी ब्लँकेटबरोबर चटई द्या, फोटो नसला तरी चालेल.

दुसरं आपलं ठरलेलं वाक्य, "पिऊन पडलाय, सोडा." हे जिवावर बेतणारं आहे. दारूनं ऊब आल्यासारखं वाटतं, पण रक्त कातडीकडे धावतं आणि अंग लवकर गार पडतं. म्हणजे प्यायलेल्याला धोका जास्तच. आणि शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की न पिणाराही अडखळत बोलतो, झोकांड्या खातो. त्याचं कुडकुडणं थांबलं तर बरं वाटलं असं समजू नका, प्रकृती बिघडतेय. लगेच १०८ ला फोन करा. ओले कपडे काढा, खाली-वर कोरडं घाला. पूर्ण शुद्धीत असेल तरच गरम गोड चहा द्या. हातपाय चोळू नका.

पण हे झालं आपलं ठिगळ. मूळ काम महापालिकेचं. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष २०१३ सालीच ठरला होता: दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा, चोवीस तास उघडा, कायमचा निवारा. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर होती. करा हिशेब. ३१ निवारे, ३१०० माणसांची सोय. तीही जुन्या आकड्यावर! शहर त्यानंतर केवढं वाढलं ते आपण बघतोच.

साहेब लोकांचं उत्तर पाठ आहे, "हे लोक निवाऱ्यात यायला तयार नसतात." अहो, पहाटे मंडईत ओझं उचलायचंय, त्यानं रात्री शहराच्या दुसऱ्या टोकाला कशाला जावं? निवारा लोकांच्या कामाच्या जवळ असावा, हेही त्याच निकषात आहे.

मागणी साधी आहे. मंडई आणि दगडूशेठजवळ ठळक बोर्ड लावा. जवळचा निवारा कुठं, खाटा किती, बायकांची वेगळी सोय कुठं, फोन कुणाला करायचा. बोर्डावर लिहायला काही नसेल, तर तेही पुणेकरांना कळू द्या.

या आठवड्यात मी कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयात हे लेखी देतोय. सोबत कोण येतंय? कमेंटमध्ये सांगा.