जिभेची शाळा

मुलांनो, आज एक गुपित फोडून टाकतो. तुमचे हे सर पक्के खवय्ये आहेत! शाळेत फळ्यावर त्रैराशिक लिहिताना कधी कधी डोक्यात संध्याकाळच्या भरताचा बेत शिजत असतो. आणि रविवारी सकाळी? रविवारी सकाळी मी असतो पोह्यांच्या ठेल्यावर. वाफाळते पोहे, त्यावर चण्यांची लालभडक तर्री, वर कच्चा कांदा, मूठभर शेव आणि लिंबाची फोड. पहिल्या घासाला नाकातून पाणी, दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आणि तिसऱ्या घासाला, "दादा, थोडी तर्री अजून टाका!"

सुटलं ना तोंडाला पाणी?

आता तुमच्यापैकी कुणाचे तरी आजोबा चष्मा सावरत म्हणतील, "अहो गुरुजी, आपला वर्धा जिल्हा म्हणजे गांधीजींचा, विनोबांचा. अकरा व्रतांमध्ये 'अस्वाद' हे एक व्रत सांगणाऱ्यांचा. आणि तुम्ही पोरांना चवीच्या गोष्टी सांगता?"

आजोबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून त्याचं उत्तर आधी देतो.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहायला आले. पण गंमत अशी, की बुलढाणा जिल्ह्यात गजानन महाराजांचं शेगाव होतंच. सेगाव आणि शेगाव! गांधीजींची पत्रं चुकून तिकडे जायची. म्हणून १९४० साली आपल्या सेगावचं नाव झालं सेवाग्राम. आज त्या दुसऱ्या शेगावचं नाव काढलं, की देवळाबरोबर कचोरीही आठवते. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी तिथल्या रेल्वे स्टेशनवर ती विकायला सुरुवात केली. एका गावात बिनमसाल्याची उकडलेली भाजी, दुसऱ्या गावात चुरचुरीत कचोरी, आणि नावात फरक फक्त एका अक्षराचा!

तर सेवाग्रामच्या आश्रमात जेवण साधं होतं. मिरची-मसाल्याला तिथे फारसा मान नव्हता. ताटात कडुलिंबाच्या पाल्याची चटणीसुद्धा असायची. पण म्हणून गांधीजींचं खाण्याकडे लक्ष नव्हतं का? छे! उलट खाण्याचा इतका बारीक विचार करणारा माणूस विरळाच. सेवाग्रामला येण्याआधी ते वर्ध्यात मगनवाडीला राहत होते. १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम तिथे चाले. जे. सी. कुमारप्पा ते काम पाहत. हातसडीचा तांदूळ का चांगला, घाणीचं तेल कसं काढायचं, गूळ कसा करायचा, याचा तिथे अभ्यास होई. १९३५ साली तर मगनवाडीतल्या मंडळींनी सोयाबीन खाऊन पाहण्याचा प्रयोग केला. बघा हं, १९३५ साली! आज आपल्या जिल्ह्यात सोयाबीनची शेतंच्या शेतं आहेत. पण ते पोत्यात भरून बाजारात जातं. आपल्या ताटात ते तेल होऊन येतं तेवढंच.

गांधीजी शरीराला काय हवं ते बघून खायचे. मी काही तेवढा संयमी नाही, मी चवीनं खातो. तरी त्यांच्याकडून एक गोष्ट मी जरूर घेतली आहे : ताटात काय आहे ते कळून घ्यावं आणि मगच घास उचलावा. डोळे टीव्हीवर किंवा मोबाईलवर आणि हात ताटात, अशानं पोट भरेल, पण जीभ अडाणीच राहील. आणि बरं का, जिभेचीही एक शाळा असते!

चला, त्या शाळेत आजचे तीन तास भरवू या.

पहिला तास नाकाचा. चिमूटभर बडीशेप घ्या. नाक घट्ट दाबून ती चावा. फारसं काही कळत नाही ना? आता नाक सोडा. आली की नाही बडीशेप धावत! आपण ज्याला चव म्हणतो, त्यातला मोठा वाटा नाकाचा असतो. म्हणून तर सर्दी झाली की आईच्या हातचं वरणही बेचव लागतं. बिचाऱ्या आईचा त्यात काय दोष!

दुसरा तास दातांचा. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात घ्या. गिळू नका. सावकाश, तीस-चाळीस वेळा चावा. हळूहळू तो गोड लागू लागेल. साखर कुणी घातली? तुमच्या लाळेनं! लाळेत अमायलेज नावाचं विकर असतं. ते भाकरीतल्या पिष्टाची साखर करायला लागतं. घाईघाईनं गिळणाऱ्याला हा गोडवा कधी भेटतच नाही.

तिसरा तास जिभेचा. जिभेच्या टोकाला गोड, बाजूला आंबट, मागे कडू असा नकाशा तुम्ही एखाद्या जुन्या पुस्तकात पाहिला असेल. तो खोडून टाका. सगळ्या चवी जिभेवर जवळजवळ सगळीकडे कळतात. गोड, आंबट, खारट, कडू या चार तर तुम्हाला माहीतच आहेत. पाचवी आहे 'उमामी'. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञानं समुद्रातल्या एका वनस्पतीच्या सारातून ती शोधली. पिकलेल्या टमाट्यातही ती असते, म्हणून भाजीत टमाटा पडला की भाजीला अंग येतं. आणि तिखट? तिखट ही चव नाहीच मुळी! मिरचीतल्या कॅप्सायसिनमुळे जिभेला भाजल्यासारखी वेदना होते, तिलाच आपण तिखट म्हणतो. म्हणजे तर्री मागून मागून खाणारे आम्ही लोक पैसे देऊन जीभ भाजून घेतो. आहे की नाही मज्जा!

आता जरा घरच्या स्वयंपाकघरात डोकावू या. आपल्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. त्यामुळे पुण्याचा पाहुणा 'सांभारवडी' ऐकून इडलीची वाट बघत बसतो! गोळाभात, त्यावर ओतलेलं हिंगाचं कडकडीत तेल, पातोडीचा रस्सा, चून-भाकर, गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि सोबत वांग्याची भाजी... आपल्या समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला तर २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे त्या मातीतल्या हळदीची खास ओळख सरकारदरबारी नोंदली गेली. तुमच्या घरची हळद कुठून येते, विचारलंत कधी?

काही मुलं म्हणतात, "सर, घरचं तेच ते असतं. बाहेरचं भारी!" आणि काही पालक म्हणतात, "बाहेरचं सगळं वाईट." मला दोन्ही पटत नाही. मिरची आपल्याकडे कुठून आली? अमेरिका खंडातून, पोर्तुगीजांच्या जहाजांवरून, सुमारे पाचशे वर्षांपूर्वी. आलू, टमाटा, शेंगदाणा हेही मूळचे तिकडचेच. त्याआधी आपली मंडळी तिखटासाठी मिरे, पिंपळी, आलं वापरत. आज ज्याला आपण 'अस्सल घरचं' म्हणतो, त्यातलं किती तरी कधी काळी बाहेरचंच होतं! तेव्हा भांडण घर आणि बाहेर यांचं नाहीच. खाणाऱ्याची जीभ शिकलेली आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

ही शिकलेली जीभ मी एकदा प्रत्यक्ष पाहिली. आमच्या शाळेचं वनभोजन होतं. झाडाखाली गोल करून सगळे बसले, डबे उघडले. कुणाकडे मेथीचे पराठे, कुणाकडे पोळी आणि आलूची भाजी, कुणाकडे सांभारवडी, तर कुणाकडे चुरचुर वाजणारी रंगीत पाकिटं. चौथीतली एक मुलगी मात्र डब्याचं झाकण अर्धवट उघडून, त्याच्या आडून खात होती. डब्यात ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी. शेजारचा एक जण फिसकन हसला, "भाकर आणली!"

मी रागावलो नाही. एक खेळ काढला. डोळे मिटायचे, दुसऱ्याच्या डब्यातला एक घास खायचा आणि त्यात काय काय आहे ते सांगायचं. बहुतेकांची गाडी 'मीठ' आणि 'तिखट' या दोन स्टेशनांच्या पुढे जाईना. मग त्या मुलीची पाळी आली. सांभारवडीचा घास घेऊन ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "सांभार आहे, सर. खोबरं आहे, पण भाजलेलं. खसखस आहे. आणि लिंबू पिळलं आहे." लोणच्यातली मेथी, हिंग, मोहरीची डाळ, सगळं तिनं बरोबर ओळखलं. "तुला कसं गं कळलं?" विचारलं तर म्हणाली, "मी आजीसंगं कुटत असते ना, सर."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ती हसली. पण तिनं डब्याचं झाकण मात्र शेवटपर्यंत पूर्ण उघडलं नाही.

ते अर्धवट झाकण माझ्या मनातून जात नाही, मुलांनो. एकदा हसायला एक क्षण लागतो, पण ते हसू पुसायला एक खेळ पुरत नाही. ज्या ज्वारीवर आपण हसतो, ती भरडधान्यात मोडते, आणि याच भरडधान्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष जगभर साजरं केलं. पण समजा, कुणी साजरं केलं नसतं, तरी काय बिघडलं असतं? कुणीतरी पहाटे उठून ती भाकर थापली होती, चुलीच्या धगीपाशी बसून शेकली होती. दुसऱ्याच्या डब्याला हसणं म्हणजे त्या हातांना हसणं. शेजारच्यानं तो तुकडा चावून पाहिला असता, तर त्याला कळलं असतं, की आपण किती गोड गोष्टीला हसलो ते.

आणि पालकहो, एक विनंती तुम्हालाही. चटणी-भाकरीला मुलांसमोर 'गरिबाचं खाणं' म्हणू नका. आपण जे शब्द घरात बोलतो, तेच मुलं झाडाखाली बोलतात. दुसरं असं, की चुलीजवळ, ओट्याजवळ मुलींबरोबर मुलांनाही बोलवा. मी स्वतः भाकरी थापतो. हे वर्गात कळलं, तेव्हा मागच्या बाकावरून आश्चर्यानं आवाज आला, "सर, तुम्ही भाकर करता?" करतो की! खायला आवडतं त्याला करायलाही आलं पाहिजे. घरात सगळ्यांना गरम वाढून स्वतः शेवटी गार जेवणारं एकच माणूस असेल, तर त्या घरातले बाकीचे खवय्ये नव्हेत, नुसते खादाड!

मग बाहेर खायचंच नाही का? खायचं हो, खुशाल खायचं! फक्त डोळे उघडे ठेवून. पदार्थ समोर गरमागरम होतोय ना, तो झाकून ठेवलाय ना, कढईतलं तेल पुन्हा पुन्हा तापून काळं तर पडलेलं नाही ना, पाणी स्वच्छ आहे ना, हे बघायचं. पाकीट असेल, तर त्यावरची तारीख आणि आत काय काय आहे ते वाचायचं. वाचायला शिकलात ते कशासाठी? आणि वर्ध्याला गेलात, तर गोरसपाक जरूर खा. गव्हाचं पीठ, गाईचं तूप आणि साखर. तोंडात ठेवताच विरघळतो. त्यामागची गोष्टही मोठी आहे. १९४१ साली जमनालाल बजाज यांनी वर्ध्यात गोसेवेचं काम हाती घेतलं. गाई पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या दुधाला दाम मिळावा, हा त्या कामातला विचार. गोरसपाक त्याच परंपरेतला. एका घासामागे कुठली गाय, कुठला गोठा, कुणाचे हात असतात, हे ठाऊक असलं की चव दुप्पट होते. खोटं वाटतं? खाऊन बघा!

आता या आठवड्याचा गृहपाठ. भिऊ नका, वही लागणार नाही.

एक : रोज जेवताना एका पदार्थातले निदान चार जिन्नस डोळे मिटून ओळखायचे. बरोबर आले की नाही ते करणाऱ्यालाच विचारायचं.

दोन : घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाकडून हल्ली घरात होत नसलेला एक पदार्थ विचारून घ्यायचा आणि त्यांच्याजवळ बसून तो करायचा. चुलीचं, गॅसचं काम मोठ्यांच्या देखरेखीखाली, बरं का!

तीन : कुणाच्या डब्याचं झाकण अर्धवट उघडं दिसलं, तर आपला डबा त्याच्यापुढे सरकवायचा आणि म्हणायचं, "मला तुझ्यातलं देतोस?"

तिसरा गृहपाठ सगळ्यांत सोपा आहे, आणि मार्क मात्र त्यालाच सगळ्यांत जास्त!

तुम्ही शोधलेला पदार्थ आणि त्याची कृती मला पत्रानं नक्की कळवा. पत्रावर हळदीचा किंवा तेलाचा डाग पडला तरी चालेल. उलट त्यावरून मला कळेल, की पत्र खऱ्या खवय्याचं आहे!