आधी पूर्वपक्ष

नागपूर जिल्ह्यातील कुही तहसिलीच्या सीमेवर, जेथे वैनगंगेला कन्हान, आंब आदी नद्या येऊन मिळतात आणि पलीकडच्या तीरावर भंडारा जिल्हा लागतो, तेथे अंभोरा नावाचे क्षेत्र असून टेकडीवर चैतन्येश्वराचे देवालय आहे. मराठीचे आद्यकवी म्हणून परंपरेने ज्यांचा निर्देश होतो त्या मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके 1110 मध्ये, म्हणजे इसवी सन 1188 च्या सुमारास, याच ठिकाणी सिद्ध केला अशी त्या मुलखाची दृढ श्रद्धा आहे. आणि म्हणूनच मराठी भाषा गौरव दिनी कुहीकडच्या आपल्या एका सभासदांनी, गोसीखुर्द धरणाच्या पाण्याने विस्तारलेल्या त्या संगमाचे छायाचित्र मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर मोठ्या अभिमानाने टाकले. थोड्याच वेळात अंबेजोगाईच्या एका भगिनींनी मुकुंदराजांच्या तेथील समाधीचे छायाचित्र उत्तरादाखल रुजू केले. पुढचे सर्वांनी पाहिलेच आहे. रात्रीपर्यंत प्रकरण विदर्भाच्या अनुशेषावर आले, सकाळी मराठवाड्याच्या पाणीटंचाईवर गेले, आणि ज्यांचा या दोहोंशी काडीचाही संबंध नव्हता अशा दोन कुटुंबांनी गट सोडला.

वाद झाला याचे मला वैषम्य वाटत नाही. दूरदेशी राहून बाराव्या शतकातील ग्रंथकाराच्या गावाबद्दल माणसे हमरीतुमरीवर येतात, यात भाषेविषयीची आस्थाच दिसते, असे मी तरी समजतो. वैषम्य वाटते ते इतका चांगला वाद वाया गेला याचे. ते सारे संदेश क्रमवार पुन्हा वाचून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की उभय पक्ष मुळात एकाच प्रश्नावर भांडत नव्हते.

“समाधी काय उगीच बांधली का लोकांनी?” असा एका बाजूचा सवाल, तर “मंग ग्रंथात वैनगंगा कायले आली जी?” असा दुसरीचा, आणि दोन्ही सवाल आपापल्या जागी बिनतोड असल्यामुळे कोणीही कोणाला उत्तर दिले नाही. ग्रंथात वैनगंगेच्या तीरावरील अंबानगरीचा उल्लेख येतो, हा अंभोऱ्याच्या बाजूचा सर्वांत बळकट दस्तऐवज. शिवाय मुकुंदराजांचे परमगुरू हरिनाथ यांची समाधी तेथे दाखविली जाते. अंबेजोगाईची मदार शहराबाहेरील दरीतल्या समाधीवर, तेथील अखंड स्थलपरंपरेवर आणि ग्रंथकर्त्याशी ज्या जैत्रपाळ राजाचे नाव निगडित आहे तो देवगिरीच्या यादवांपैकी होय, या ओळखीवर. हाच जैत्रपाळ बैतूलजवळच्या खेरल्याचा राजा होता असे मानणारा तिसरा पक्षही अभ्यासकांत आहे, परंतु बैतूलचे कोणी आपल्या मंडळात नसल्याने ती कैफियत दाखलच झाली नाही. आता पाहा : ग्रंथ कोठे लिहिला, ग्रंथकार कोठे समाधिस्थ झाला आणि त्याला आश्रय कोणत्या राजाचा होता, हे तीन निरनिराळे मुद्दे आहेत व एकाचा पुरावा दुसऱ्याच्या कामी येतोच असे नाही. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी नेवाशास सांगितली आणि समाधी आळंदीस घेतली, म्हणून नेवासे व आळंदी यांच्यात वैर माजल्याचे ऐकिवात नाही.

म्हणून संगणकावर वा फोनवर वाद घालण्यात ज्यांना प्रावीण्य मिळवावयाचे आहे, त्यांना माझे पहिले आणि जवळजवळ शेवटचेही सांगणे असे की, उत्तर लिहिण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे आपल्या शब्दांत, पण त्याला मान्य होईल अशा रीतीने, एकदा लिहून काढावे. आपल्या शास्त्रकारांचा परिपाठ हाच होता : पूर्वपक्ष आधी, सिद्धांत मागाहून, आणि पूर्वपक्ष दुबळा करून मांडणे हे त्यांच्या लेखी पांडित्याचे नव्हे, भीतीचे लक्षण असे. ही दोन ओळींची मेहनत अंबेजोगाईच्या भगिनींनी घेतली असती तर “आपला दावा ग्रंथरचनेच्या स्थळाविषयी आहे, समाधीविषयी नाही, असेच ना?” एवढे विचारण्यातच अर्धा तंटा निकाली निघाला असता, कुहीकरांनाही हीच गोष्ट लागू.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःचा पक्षच न मांडता दुसऱ्याचे खंडन करीत सुटणे ही वितंडा. पराभवाच्या ज्या बावीस जागा तेथे मोजल्या आहेत, त्यांत प्रकृत विषय टाकून भलतेच बोलणे, म्हणजे अर्थांतर, हीही एक आहे. या नियमाने पाहिले तर अनुशेषाचा विषय निघाला त्याच क्षणी एक बाजू हरली आणि पाण्याचा निघाला तेव्हा दुसरी. मात्र तेथे निकाल सांगणारा मध्यस्थ बसलेला असे; आपल्याकडे असतात ते शेकडो मूक वाचक, आणि त्यांच्यावर डोळा ठेवून लिहू लागले की वादाचा जल्प होण्यास विलंब लागत नाही. ज्या गृहस्थाचे मत पालटावे अशी मनापासून इच्छा असेल त्याला खाजगी संदेश पाठवावा किंवा सरळ फोन करावा. चारचौघांत माघार घेणे थोरामोठ्यांनाही जड जाते.

पुराव्याविषयी थोडे कडकच बोलले पाहिजे. या प्रकरणात चार सभासदांनी जो लांबलचक मजकूर टाकला त्याच्या शिरोभागी तो अनेकदा पुढे पाठविला गेल्याची दुहेरी बाणाची खूण होती, लेखकाचे नाव नव्हते, आणि चौघांपैकी एकानेही ‘विवेकसिंधु’ उघडून पाहिला नव्हता. निनावी लेखन सरसकट त्याज्य असे मी म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या टोपणनावाने ‘सुधारक’ पत्रात, ज्ञानेश्वरी लिहिणारे आणि अभंग रचणारे ज्ञानेश्वर हे दोन भिन्न पुरुष होत, असे प्रतिपादन केले तेव्हा महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली! परंतु भाषा, विचार आणि दैवत यांतील भेदाची प्रमाणे त्यांनी पुढे ठेवली होती, त्यामुळे भिंगारकरबुवांसारख्या प्रतिपक्षीयांनाही प्रमाणांनीच उत्तर देणे भाग पडले. नाव झाकले तरी चालते. आधार झाकून कसे चालेल?

व्हॉट्सअॅपवर पाठविलेला संदेश दुरुस्त करण्यास पंधरा मिनिटांची मुदत मिळते. ती पाठविण्याच्या आधी घ्यावी, मागाहून नव्हे, एवढीच पुस्ती जोडतो.

उभय सभासदांशी मी बोललो आहे. पुढील अंकात कुहीकर अंबेजोगाईची बाजू मांडतील आणि अंबेजोगाईच्या भगिनी अंभोऱ्याची, आणि प्रत्येकीचा मसुदा छापण्यापूर्वी मूळ पक्षाला दाखवून त्याची संमती घेतली जाईल, असे ठरले आहे. प्रत्येकी एक पान राखून ठेवले आहे. खेरल्याची कैफियत लिहिण्यास कोणी तयार असल्यास अर्धे पान आणखी काढता येईल. मजकूर महिनाअखेरपर्यंत कार्यकारिणीकडे पोहोचावा.