पाना कुणाच्या हातात?

वैजापूर तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांनी कर्ज काढून जुनी पिकअप घेतली. कागद बाईच्या नावावर, हप्ते बायकांच्या कांद्यातून. नारळ फोडताना फोटो निघाले. अहवालात ‘महिलांच्या मालकीचं वाहन’ असं लिहिलं गेलं. ते लिहिणारी मीच.

आठ महिन्यांत गाडी मागून खडखडायला लागली, एका बाजूला कलायला लागली. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गुळगुळीत जातो. पण कांदा निघतो तो शेतरस्त्यानं, आणि तिथला प्रत्येक खड्डा पाट्यांना बसतो. गॅरेजवाल्यानं खाली न वाकताच सांगितलं, “सगळं बदलावं लागेल.” सगळं म्हणजे काय, असं विचारलं तर म्हणाला, “ताई, तुम्हाला नाही कळायचं. भाऊंना पाठवा.”

हप्ते बाईचे, आणि बोलायचं भाऊंशी! मग ही मालकी कसली?

मैत्रिणींनो, माझा सवाल गॅरेजवाल्याला नाही, आपल्याला आहे. प्रशिक्षण म्हटलं की आपल्या संस्थांना शिवण, पापड आणि लोणचंच का सुचतं? ‘बायकांना झेपत नाही’ हे आपणही मनातून मानतो का? ऊसतोडीला गेलेली बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. ट्रक भरायला ती चालते, मग त्याचा बोल्ट सोडायला का चालत नाही? गंजलेल्या बोल्टला ताकद लागते हे खरं, पण पान्याला लांब नळी लावली की निम्मं काम नळीच करते. ही युक्ती पुरुषाच्या दंडात नसते, कुणीतरी शिकवलेली असते.

आम्ही शिकलो. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी शिकवलं. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडायचा. ती डोलतच राहिली तर शॉकअप गेला. टॉमी घालून पाट्याचं टोक हलवायचं. जास्त हललं तर बुश झिजले. आमच्या गाडीचे पाटे शाबूत निघाले. गेले होते ते बुश, शॅकलच्या पिना आणि तेल गळणारा एक शॉकअप. ‘सगळं’ म्हणजे एवढंच.

धोका आहेच, तो लपवायचा नाही. सपाट जागा हवी, चाकांना दगड हवेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, चासीला भक्कम लोखंडी स्टँड हवेत, विटा नकोत. पाट्यावरचा ताण उतरल्याशिवाय शॅकल सोडायचा नाही. रबरी बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी करून, नाहीतर रबर पीळ खाऊन लवकर फाटतं. पुढे गोल स्प्रिंग असेल तर ती साधनाशिवाय उघडायचीच नाही, ते काम गॅरेजचं. पण गॅरेजमध्ये जाताना काय बिघडलंय हे आपल्याला ठाऊक हवं.

१९७४ साली ट्रक बनवणाऱ्या टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी (पुढच्या सुधा मूर्ती) यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि तिथे नोकरी मिळवली. त्यांच्याकडे पदवी होती. पण उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० च्या दशकात महिला समाख्येच्या अक्षरओळख नसलेल्या बायकाही हातपंप खोलून दुरुस्त करायला शिकल्या. म्हणजे अडसर शिक्षणाचाही नाही. पाना कुणाच्या हातात द्यायचा, हे कोण ठरवतं, हा प्रश्न आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. यापुढे ज्या गटाला वाहनासाठी कर्ज मिळवून देऊ, त्या गटाला हत्यारांची पेटी आणि दुरुस्तीचं शिक्षणही द्यायचं. ते जमणार नसेल तर अहवालात ‘मालकी’ हा शब्द लिहू नये. मी तरी लिहिणार नाही.

परवा त्याच गॅरेजात आमची ताई सुटे भाग घ्यायला गेली. “भाऊ कुठंयत?” त्यानं विचारलं.

“घरी आहेत, भाकरी टाकताहेत,” ती म्हणाली. “बुश दाखवा.”